दहापैकी साडेचार

विषय मीच दिला होता फळ्यावर, इयत्ता नववी ब:
‘सायकलचे आत्मवृत्त’.
चाळीस वह्यांतल्या एकोणचाळीस सायकली
कारखान्यात जन्मल्या, दुकानात सजल्या,
मालकाची सेवा करून गंजल्या
आणि भंगाराच्या गाड्यावर पडल्या पडल्या
त्यांना धन्य धन्य वाटलं.

चाळिसावी, समडोळीच्या श्रेणिका मगदूमची.
तिच्या सायकलनं पहिल्याच ओळीत विचारलं,
‘माझी दांडी कुठे आहे?’

जेन्ट्स सायकलीला असते ती. सीटपासून हँडलपर्यंत, आडवी.
तिच्यावर टॉवेल गुंडाळून पोरगं बसवतात,
नवी नवरी बसवून जत्रेला नेतात.
लेडीज सायकलीला तिथं नुसती हवा.
लुगड्यासाठी सोडलेली जागा, असं दुकानदार म्हणतो.
‘पण काढलेली वस्तु कुठेतरी ठेवावी लागतेच ना’
असं तिनं लिहिलं होतं,
वस्तूतला ‘तू’ ऱ्हस्व काढून.
मी त्या तू-भोवती लाल गोल केला.

मग तिनं एकदम सन २१११ काढलं.
माधवनगरच्या एका बंद गोडाऊनात
बायकांना सापडतात त्या दांड्या,
लाखांनी,
ग्रीस लावून, रद्दीत गुंडाळून ठेवलेल्या.
कुणी काढल्या, याची पावती नाही.
बायका रात्रपाळीत बसून त्या वेल्ड करतात
आणि कृष्णेवर पूल टाकतात,
आयर्विनपेक्षा अरुंद,
दोन सायकली बोलत बोलत जातील एवढाच.
पूर आला की तो पाण्याबरोबर वर येतो
आणि उतरला की खाली बसतो, म्हशीसारखा.

त्या सांगलीत एक म्युझियम आहे.
काचेच्या पेटीत एक प्रश्न ठेवलाय:
‘कुठं निघालीस?’
सहलीला आलेल्या पोरींना कळत नाही हे काय.
दाखवणारी बाई सांगते,
पूर्वी कट्ट्यावर, स्टँडवर, पाण्याच्या टाकीपाशी
बाई हलली की हा आपोआप वाजायचा.
घंटीसारखा? पोरी विचारतात.
हो, पण घंटी दुसऱ्याच्या हातात.

मी खाली लिहिलं:
‘कल्पना बरी. विषयांतर.
दांडी मुळात बसवलेलीच नसते.’
साडेचार.
त्यातला अर्धा अक्षराचा.

तेव्हा मी विश्रामबागेतून रिक्षानं यायचे.
सायकल येत नाही, हे स्टाफरूममध्ये कुणाला माहीत नव्हतं.
धाकट्या भावाला आली, नऊ वर्षांचा असताना, हाफ पायडलनं.
कॅरिअर धरून मागं पळणारी मी होते.
‘सोडू नको गं ताई’ म्हणायचा,
आणि मी सोडलं नाही.
तो कॉलेजला गेला तरी, लग्नाचा झाला तरी.

रिटायर होऊन तीन वर्षं झाली.
दिवाळीनंतर गणपती पेठेत गेले.
दुकानातला मुलगा म्हणाला, मॅडम, लेडीज दाखवू?
दांडीची दे, म्हटलं.
त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, मग चपलांकडं,
मग मुकाट हवा भरली.

पहाटे साडेपाचला हरिपूर रस्ता रिकामा असतो.
चार वेळा पडले. गुडघा फुटला.
हळद दाबली. सांगलीत आणखी कशाला तोटा असेल, हळदीला नाही.
पाचव्या दिवशी चिंचेची झाडं
मागं जायला लागली,
एक, मग दुसरं, मग मोजायचं राहिलं,
आणि मला कळलं की मागं कुणीच धरलेलं नाही,
आणि कधीच धरलेलं नव्हतं.

तेवढ्यात बाजूला एक स्कूटी.
हेल्मेटच्या आतून ओळखीचा आवाज:
‘अगंबाई, तेरदाळे बाई! कुठं निघालात?’
आणि लगेच जीभ चावल्यासारखी गप्प.
स्कूटी थोडी मागं पडली.

मी उत्तर दिलं नाही, श्रेणिका.
राग नव्हता गं.
दोन्ही हात गुंतलेले होते,
आणि थांबायचं कसं,
ते अजून यायचंय मला.