फट

मोनाप्पा कंग्राळकर, वय एकेचाळीस,
उद्यमबागेत टर्नर. हे केसपेपरवर.
केसपेपरवर नाही ते असं:
तिसऱ्या गेटाशी लोंढ्याकडची गाडी निघून गेली,
फाटक वर गेलं,
आणि मी सायकलवर एक पाय टेकून तसाच.
मागून हॉर्न. शिव्या, दोन भाषांत.
'उचल' म्हणायचं ते
पायापर्यंत पोचत नव्हतं.

रेणव्वानं इथवर आणलं.
म्हणाली, रडत नाहीत हो, तेच वाईट.
जेवतात, पण आमटीत मीठ नसलं
तरी बोलत नाहीत.

डॉक्टर हुक्केरी बाई विचारतात,
'बेजार आगेतेन्री?'
बेजार.
पाट्यांवरून इतकी वर्षं डोकी फुटली,
आणि हा एक शब्द
कुणी पुसायला विसरलं.
मी मान हलवली.

चिठ्ठीच्या पाठीवर त्या दोन बोंडं काढतात,
समोरासमोर, न टेकलेली.
ही एक पेशी, ही दुसरी. मधे फट.
निरोप इकडून सुटतो, तिकडे लागतो,
उरलेला परत आत ओढला जातो.
'फट एष्टु?' मी विचारलं.
पेन थांबलं. हे कुणी विचारत नाही, म्हणाल्या.
मग मोबाइलात बघून: वीस नॅनोमीटर, साधारण.
माझ्या मायक्रोमीटरची सगळ्यात बारीक रेघ घ्या,
तिचे पाचशे तुकडे करा,
त्यातला एक.
एवढ्याशात माझा पाय अडकला होता.

'म्हणजे कूलंटसारखं. पंप घाईनं परत खेचतो.'
'तसं समजा. गोळी म्हणजे पंपाच्या तोंडाला बोळा.'
'बोळा तर पहिल्याच दिवशी बसेल.
मग चार आठवडे कशाला?'
बाईंनी चष्मा काढला.
'पूर्ण कुणालाच माहीत नाही.
नुसतं काहीतरी कमी पडलं, इतकं सोपं नाही ते.
आत भोंगा वाजतच राहिला की
पेशींच्या फांद्या झडतात.
पुन्हा फुटायला दिवस लागतात. बहुधा.'
तो 'बहुधा' मला पटला.
ज्याला आपला टॉलरन्स ठाऊक आहे
त्याच्याकडे जॉब द्यावा.

पहिला आठवडा: तोंड कोरडं, पोट बिघडलेलं,
हात थरथरतो. टर्नरचा हात.
इरप्पानं फिनिशिंगची कामं गुपचूप स्वतःकडे ओढली,
मला रफिंग दिलं. विचारलं काही नाही.
मंगळवारी खानापूरची एक पोरगी बोलायला बसते,
माझ्या भाचीएवढी.
रोज अर्धा तास चाला, म्हणते, मन नसलं तरी.
मन आल्यावर चालायचं नाही,
चालल्यावर येतं ते.
मी चालतो. गेटाच्या उलट दिशेला.

तिसरा आठवडा: काही नाही.
हेही लिहून ठेवतो. काही नाही.

पाचव्यात, गुरुवारी, चहाच्या आधी,
तीन मशिनं पलीकडून एक आवाज आला.
जरासा फाटलेला.
तोंडातून गेलंच, 'टूल गेलंय बग की तुझं.'
पोरानं काढून बघितलं.
कड उडालेली, नखाच्या टोकाएवढी.
इरप्पानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं,
आणि परत लेथमध्ये घातली.
सहा महिने त्या शेडमध्ये
मी बहिरा होतो, हे तेव्हा कळलं.

गोळी चालू आहे. अजून नऊ महिने तरी, बाई म्हणतात.
मधेच पुन्हा खाली जाईल, तेही सांगून ठेवलंय.

त्या रात्री ताटावर बसलो,
पहिला घास घेतला, म्हणालो,
आमटीला मीठ कमी आहे.
रेणव्वा मीठ आणायला आत गेली
आणि बराच वेळ
बाहेर आली नाही.