कात्री

नवा सदरा आणला की आधी उलटा करते,
मानेमागची पट्टी कात्रीनं कापते,
मग शिवणीत राहिलेले दोरे
चिमट्यानं, एकेक.
एकोणसाठ वर्षांची झाले. लेबल मला सोसत नाही,
हे आधीच सांगितलेलं बरं.

कोट्काच्या बंदरात मी लाकूड मोजते.
ओंडक्याची लांबी, व्यास, साल सोडून.
माझं माप एकदाच चुकलं,
अठ्ठ्याण्णव साली, चौदा मार्चला,
तेही फीत सैल झाली होती म्हणून.

आमच्या देशात गप्प बसणं ही रीतच आहे.
बसथांब्यावर माणसं एकमेकांपासून
ओंडकाभर अंतर राखून उभी राहतात,
त्यामुळे माझं गप्प बसणं कुणाच्या डोळ्यांत आलं नाही.
सौनात मात्र आलं.
बायका वाफेत बसून मन मोकळं करायच्या
आणि मी तापल्या दगडांवर पडलेलं पाणी
पार विरेपर्यंत ऐकत राहायचे.
"इर्मेलीला काही वाटतच नाही," कुणीतरी म्हणालं.
ते मी घरी घेऊन आले.

घरात आधीची होतीच:
आईचं हट्टी,
शाळेचं आळशी,
नवऱ्यानं जाताना दारात ठेवलेलं थंड.
एकही कात्रीत सापडलं नाही.

मे महिन्यात डॉक्टर सुवी लेहतोरान्तानं
मी खोलीत शिरताच वरची ट्यूब बंद केली.
मी काही बोलले नव्हते.
ट्यूब गुणगुणते, हे तिला कुणी सांगितलं?
मग तीन भेटी, दोनशे सहा प्रश्न,
आणि अकरा पानांच्या शेवटी
एक शब्द. ऑटिझम.

अहवालात 'कमतरता' नऊ वेळा आहे.
आठ मी पेन्सिलीनं खोडल्या.
नववी राहू दिली.
फोन वाजला की मला खरंच बोलता येत नाही.

शब्दाशीही भांडण झालंच.
त्याच्या पोटात 'स्व' आहे म्हणतात. स्वमग्न.
मी तर जन्मभर दुसऱ्यांचेच चेहरे वाचत आले,
भुवई कधी उचलायची, हसायचं कधी,
हसू कधी आवरायचं.
स्वतःकडे बघायला वेळ कुठे होता?
पण मानेला टोचला नाही तो.
दोन दिवस वाट पाहिली. तरी नाही.

कालेर्वो, माझा भाऊ, म्हणाला,
"हल्ली सगळ्यांनाच काही ना काही असतं."
मी विचारलं, सगळ्यांना म्हणजे किती जणांना?
तो हसला.
मी विनोद केला नव्हता.

बदललं काय, तर फोरमनला सांगितलं,
कामं तोंडी सांगू नका, लिहून द्या.
देतो आता लिहून. एवढंच.

आणि रात्री, स्वयंपाकघरात,
एकेक जुनं वर्ष आडवं घालून पुन्हा मोजते.
आळशी? बत्तीस मुलांच्या गलक्यात
मी बाईंचा आवाज शोधत होते.
थंड? मी दारात उभी होते,
वाक्य जुळवत होते.
जुळलं तेव्हा गाडी वळणापलीकडे गेली होती.
ते वाक्य अजून पाठ आहे मला.

नोव्हेंबरात वडिलांच्या थडग्यावर मेणबत्ती घेऊन गेले.
सगळं गाव जातं त्या संध्याकाळी,
बर्फात शेकडो ज्योती, आणि कुणी बोलायचं नाही.
मला आवडणारा एकमेव सण.

वडील जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायचे,
मालगाडी गेली की डबे मोजायचे,
आणि आकडा फक्त मला सांगायचे.
दगडावर त्यांचं नाव आहे, दोन तारखा आहेत,
मध्ये जागा रिकामी.
शब्द ओठांपर्यंत आला होता.
पण माणसाला न विचारता
त्याच्या मानेमागे काही शिवायचं,
हे मला जमेना.

तेवढ्यात कुंपणामागून गाडी गेली.
शेवटचा डबा जाईपर्यंत थांबले,
मग वाकून म्हटलं,
अडतीस.