येण्याचं कारण

शृंगारपूरला एसटी वळते
आणि ड्रायव्हर इंजिन बंद करून तंबाखू मळायला बसतो.
इथून पुढे रस्ता नाही, म्हणतो,
आता तुम्ही आणि तुमचे गुडघे.

वाटाड्या बमू आखाडे.
वय विचारलं तर म्हणाले, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा
दाव्याच्या पाड्याएवढा होतो.
खांद्यावर माझा तंबू,
जो मी आजवर एकदाच उभा केलाय,
हॉलमध्ये, सोफा भिंतीला सरकवून.

घसारा. वाळक्या कारवीचे दांडे. लोखंडी शिडी,
जी पाय ठेवल्यावर थोडी विचार करते.
दर वळणावर मी फोटोसाठी म्हणून थांबत होते
आणि ते दरीकडे बघत राहायचे,
माझी धाप ऐकूच येत नसल्यासारखे.

वर आल्यावर वळून पाहिलं:
खाली सगळं कोकण, माडांशिवायचं, भुरकट,
आणि पार टोकाला समुद्र,
म्हणजे नुसती एक चकाकी,
घासून ठेवलेल्या ताटाच्या काठाएवढी.

चौकीवर जाड वही.
नाव. गाव. वाहन क्रमांक (रेघ मारली).
येण्याचं कारण.
मी लिहिलं, निसर्गभ्रमण.
बमूदादा पेन धरून उभेच.
गार्ड म्हणाला, वरच्यासारखंच टाक की.
त्यांनी माझ्या शब्दाखाली
दोन बारीक टिंबं दिली, जपून,
गंध लावावं तशी.

संध्याकाळी सपाटी बघून मी खुंटी ठोकायला घेतली.
"तितं नको," ते म्हणाले. "तितं चूल व्हती."
मग पाच पावलं मोजली, बूट काढून.
"हितं लावा. हितं वासरं बांधायचो. ऊब धरतंय."

शेकोटीला परवानगी नाही.
टॉर्च उभा करून मध्ये ठेवला, त्याच्याभोवती बसलो,
भाकरी, सुका जवळा, माझे ड्रायफ्रूट्स.
वाडा उठवला त्याचं काही बोलले नाहीत.
म्हशींचं बोलले.
ट्रकात चढेनात.
खाली नेल्यावर एक तीनदा परत आली, शिडीची वाट सोडून,
कुठून ते कुणाला कळलं नाही.
चौथ्यांदा गेली तेव्हा
"आमी शोदाय न्हाई आलो."

रात्री कापडाबाहेर काहीतरी चरत होतं.
गवत तुटल्याचा आवाज, मग जड श्वास, अगदी कानाशी.
गवा? मी कुजबुजले.
घोंगडीतून उत्तर आलं, "आसंल."
बऱ्याच वेळानं,
मला झोप लागली असं समजून बहुतेक,
"न्हायतर म्हसच."

मी तंबूची चेन उघडली नाही.