उणे दीड

नवा सीन उघडला
की इंजिन एक सूर्य फुकट देतं.
फैजपूरला, मे महिन्यात!
मी आधी त्याची तीव्रता अर्धी केली,
मग धरून हळूच मावळतीकडे कलवलं त्याला,
आणि बरं वाटलं,
की हा तरी ऐकतो.

चौदा जीबी उतरायला दोन रात्री.
भाचीच्या फोनचं हॉटस्पॉट, पाच वेळा तुटलेलं.
खाली केळीच्या वेफर्सच्या कढया, वर माझी खोली,
लॅपटॉपखाली स्टीलचं ताट, ताटाखाली ओलं गोणपाट,
आणि त्या धगीत माझं पहिलं जग:
एक करडी फरशी,
एक पांढरा ठोकळा.

हेडसेट आयटीआयचा, रजिस्टरवर सही करून आणलेला.
सोमवारी परत.
डोळ्यांवर चढवला, एक पाऊल टाकलं
आणि पडत राहिले.
फरशी वर गेली, ठोकळा वर गेला,
मी खाली, अजून खाली,
हात खऱ्या पलंगाची पाटी शोधत.
नंतर कळलं, कोलायडर लावायचा राहिला होता.
जमीन दिसायला होती,
लागायला नव्हती.

मला करायचा होता विजेचा खांब.
वायरमन ट्रेडच्या पोरांसाठी:
चढा, चुका, मरा,
मग खुर्चीवर बसून पाणी प्या
आणि पुन्हा चढा.

नऊ दिवस गेले.
हात उगवले ते उलटे, डावा उजवीकडे.
चिमणी बसवली तारेवर, ती हत्तीएवढी.
एका दुपारी तिन्ही तारा ओढून झाल्या, झोळासकट,
आणि लाइट गेली.
बॅटरी कधीचीच मेलेली, सेव्ह केलेलं नाही.
विजेचा खांब विजेवाचून गेला,
मी एकटीच हसले, घामाघूम.

शेवटी रज्जाक तडवींना बोलावलं.
एकतीस वर्षं लाइनवर, आता रिटायर.
उजव्या तळहातावर भाजल्याची जुनी चकाकी,
तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.
त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला,
हेडसेट लावला,
खांबापाशी गेले. चढले नाहीत.

"चढा ना, चाचा."

मान वर. मान खाली.
मग माझ्या खोलीच्या मधोमध उकिडवे बसले
आणि हवेतच, बोटांनी, खांबाचं बूड चाचपू लागले.
"किती मीटरचा धरला?"
"नऊ. पुस्तकात नऊच आहे."
"नऊच असते. पन समदा वर?
जमिनीतला दीड मीटर कुठी हाये?
याले बूडच नई, ताई. याच्यावर चढू मी?"

इंजिनात जमीन म्हणजे कागदाएवढा पत्रा.
त्याच्याखाली काळी माती नाही, मुरूम नाही,
तापीच्या काठासारखी फूटभरावर ओल नाही.
तिथं कुणी बघायला जात नाही.
तिथं गेलं की नुसतं पडत राहायचं,
मला माहीत आहे.

मी वायच्या रकान्यात टाकलं: उणे दीड.
खांब थोडा खाली सरकला.
एवढंच झालं.
पत्र्याखालच्या त्या काहीच नसण्यात
दीड मीटर सिमेंट, कुणालाही न दिसणारं.

चाचांनी पुन्हा लावलं.
पुन्हा मान वर.
"हाव. आता उभा हाये."
दोन्ही तळहातांवर फुंकर मारली,
डावा पाय उचलला, गुडघ्याइतका,
मी कोपराला हात दिला, न बोलावता.
पाय तसाच थांबला.

"लाइन बंद केली का नई?"
"अं?"
"सबस्टेशनले फोन कोनी लावला? परमिट कोनाकडून घेऊ?
त्याच्याबिगर मी तारेले हात लावत नई."
पाय खाली ठेवला त्यांनी, फरशीवर, खऱ्या.

खालच्या कढईत नवा घाणा पडला, चर्रर्र.
मी वही ओढली आणि लिहिलं:
एक टेलिफोन. वाजणारा.
आणि पलीकडे
उचलणारं कुणीतरी.