शेवंतीचं टपाल

चपला बाहेर काढून आत जायचं,
देवळासारखं; कारण मात्र धूळ.
आत शेवंती. कपाटाएवढी, करडी,
सात वर्षांत एकदाही नीट झोपली नव्हती.
यंत्रांना फुलांची नावं ही घारपुरे मॅडमची हौस:
शेवंती, अबोली, तगर.
नंबर विसरतात गं, म्हणायच्या,
फुलं राहतात लक्षात.

तेव्हा पत्त्यात उद्गारचिन्हं असायची.
पत्र कुठून कुठे जाणार ते पाठवणाऱ्यानेच लिहायचं,
एकेका यंत्राला हाक मारत:
अबोली! शेवंती! पलीकडची आणखी कुणी!
गच्चीवरून गच्चीवर निरोप द्यावा तसं.
मधली एक जरी घरात नसली
तर हाक तिथेच, कठड्यावर.

सोमवारी कागद आला: शुक्रवारी शेवंती बंद.
सुटे भाग मिळत नाहीत, विजेचं बिल, वगैरे.
माझं काम एवढंच,
तिच्या नावाने येणाऱ्या टपालाला वळसा दाखवायचा.
पुढे रस्ता बंद, अशी पाटी
जी फक्त यंत्रांना वाचता येते.

चेंबूरला रात्री खतकारखान्याचा वास
बंद खिडकीतूनही येतो.
अकरानंतर एसटीडी स्वस्त,
म्हणून अकरानंतर पुणे, बंगलोर, खरगपूर:
तुमच्या यादीतून शेवंती खोडा, तगर लिहा.
टी, ए, जी, ए, आर.
नाही हो, टायगर नाही.
पुण्याचे इनामदार म्हणाले,
वाघ असता तर टपाल लवकर पोचलं असतं.

मग आमची माणसं. एकशे बारा नावं,
प्रत्येकापुढे नवा पत्ता.
बदली झालेले, लग्न होऊन आडनाव बदललेल्या,
एक वारलेले, त्यांची पत्रं त्यांच्या विद्यार्थ्याला.
शेवटी मुळगावकर.
तिसऱ्या टर्मिनलवर बसायचा, डबा उशिरा खायचा,
चार वर्षांपूर्वी विनिपेगला गेला.
खातं बंद करायचं राहून गेलेलं.
पेटीत दोनशेच्या वर पत्रं, न उघडलेली,
सगळी त्याचीच, त्यालाच,
दर शुक्रवारी एक ओळ, रोमन अक्षरांत मराठी:
पोचतंय का?

नियमाप्रमाणे खोडायचं होतं.
मी त्याच्यापुढे माझं नाव लिहिलं.

शुक्रवारी चार वाजता धाकू मोरजेंनी खटका ओढला.
पंखा लगेच थांबला नाही,
आपल्याच नादात फिरत राहिला थोडा वेळ.
मोरजे म्हणाले, आता एसी पण बंद करू?
मी म्हटलं, राहू दे आजच्या दिवस.

पुढच्या शनिवारी पहाटे तगरवर आलं,
माथ्यावर वाटेतल्या यंत्रांचे शिक्के घेऊन,
एक जास्तीचा.
पोचतंय का?
मी टाइप केलं: पोचतंय. वळसा पडतो.

उत्तर यायला तीन दिवस लागले.
त्यात माझं नाव विचारलेलं नव्हतं.
शेवंती कुठे आहे?

काय लिहावं कळेना, म्हणून त्या खोलीत गेले.
फरशीवर तिच्या मापाचा चौकोन,
बाकीच्या फरशीपेक्षा स्वच्छ.
चपला पायातच होत्या.
परत बाहेर आले, काढल्या,
मग आत गेले.