तेरचा चाचा

समुद्र आमच्या गावाला कधीच लागला नाही.
तेरणा होती, तीही मार्चनंतर
वाळूत बोट घालून शोधावी लागे.
तरी तेरला एक चाचा होता.

अंबऋषी देवकते, वस्तुसंग्रहालयाचा राखणदार,
दुपारच्या सुट्टीत आम्हाला आत घ्यायचा
आणि फुटक्या रांजणाच्या मानेवर तळवा ठेवून सांगायचा,
"ह्यातली दारू यवनानं पाठिवली,
आन् वाटंत चाच्यानं चाखली."

आम्हाला वाटलं, चाचा म्हणजे हमीदचा चाचा,
बसथांब्यावर पंक्चर काढणारा.

"आरं तो न्हवं. दर्यावरला दरोडेखोर.
पर व्हता आपल्याच गावचा. नागोसा.
बारा वर्साचा आसताना तांड्याच्या बैलामागं गेला,
भडोचला पाणी बघितलं आन् बैल इसरला.
एक कान तुटका. डोळे दोन्ही शाबूत,
चितरातल्यावानी पट्टी-बिट्टी काय न्हाई.
जहाजं लुटायचा, माणसं कापायचा,
पर गठुडं फोडल्यावर तेरची मलमल निघाली
की नाकाला लावायचा. आन् रडायचा.
बाप्यावानी न्हाई, लेकरावानी.
मंग त्या जहाजाला हात लावायचा न्हाई."

हे कोणत्या पुस्तकात आहे, मास्तरांनी विचारलं.
अंबऋषीनं किल्ल्यांचा जुडगा वाजवला:
"पुस्तकवाला व्हता का तिथं?"

मी पोहायला विहिरीत शिकलो,
डिझेल इंजिन धाराशिवला,
आणि तेवढ्यावर दर्यावर गेलो.
आईनं कुरडया दिल्या. अंबऋषीनं घोंगडी,
त्याच्याच मेंढरांची, आणि वास असा
की खोलीतला गोव्याचा मिंगेल
पहिली रात्र डेकवर झोपला.

एडनच्या पुढं, पहाटे साडेचारला, ते आले.
दोन होड्या, एक शिडी, सहा जण.
मला इंजिनखोलीतून वर आणलं,
हात डोक्यावर, आणि मनात काय यावं?
मी कान मोजत होतो.
सगळ्यांचे दोन-दोन.

चौपन्न दिवस.
सुबल नावाच्या खलाशाचं एक बोट तिथंच राहिलं,
हेही सांगायला हवं.

माझ्या दाराशी एक पोरगा असायचा.
दोन रंगांच्या दोन स्लिपरा, गालफडं बसलेली.
समुद्राकडं पाठ करून बसायचा.
पाण्याची बाटली उघडली
की झाकणातला थेंबही चाटायचा.
अशी माणसं मी ओळखतो.
आमच्याकडं टँकरच्या नळीखाली
शेवटचा तांब्या असाच धरतात.

एका रात्री वारा सुटला.
त्यानं माझी घोंगडी ओढून घेतली,
पण पांघरली नाही. आधी नाकाला लावली.
थांबला. पुन्हा लावली.
मग बंदूक मांडीवर आडवी ठेवून
दोन बोटांची शिंगं केली कपाळावर
आणि घशातून आवाज काढला: बेंऽऽ
मीही काढला.
हातानं दाखवलं त्यानं, होती, एवढी, इथून तिथपर्यंत.
मग तळहात उलटा केला
आणि हसला.

पैसे कुणी दिले, किती, कंपनीला ठाऊक.
घोंगडी त्याच्याकडंच राहिली.

गावी आलो तर अंबऋषीला ऐकू येईनासं झालेलं.
गोरोबाकाकांच्या देवळामागं, ओट्यावर,
त्याच्या कानात ओरडून सांगितलं सगळं,
अर्ध्या तेरनं ऐकलं.
घोंगडीपाशी आलो तसा तो सरसावून बसला.
"हुंगली?"
हुंगली.
"दोनदा?"
दोनदा.
"मंग? रडला?"

खोटं बोलता आलं असतं.
हसला, म्हणालो.

किल्ल्या नसलेला खिसा तो बराच वेळ चाचपत राहिला.
"मंग तो न्हवं."
देवळामागून एक बकरी आली, गेली.
"कान," तो म्हणाला,
"कान नीट बघितले व्हतेस का त्याचे?"