रस न घेतलेले, तरी आजारी

"मॅडम, या शाखेत पुढे काय?"
मागच्या बाकावरून विचारतो सटाण्याचा मुलगा.
वडिलांनी त्याच्या दवाखान्यासाठी
कॉलेज रोडला गाळा घेऊनसुद्धा ठेवलाय म्हणे.

पुढे काय.
दारावर पाटी नाही. स्टेथोस्कोप असतो, खुंटीला.
पेढे घेऊन कुणी येत नाही.
ज्याला कावीळ झालीच नाही
तो कशाला पेढे आणेल?

मी खडू घेते, फळ्यावर मोठी फुली ओढते,
चार चौकटी पडतात.
रस प्यायले, आजारी.
रस प्यायले, धडधाकट.
रस न घेतलेले, तरी आजारी.
चौथीत उरलेलं सगळं गाव.

कसला रस?
उसाचा. जुन्या नाशकात, कुंभारवाड्याच्या उताराला
निवृत्ती गांगुर्डेची रसवंती होती.
चरकाच्या चाकाला घुंगरं,
दुपारी सगळा उतार त्या तालावर पेंगायचा.

एप्रिलात कावीळ आली. सत्तावीस, मग एक्केचाळीस.
नकाशावर मी टिकल्या लावत होते, खऱ्याच,
कपाळाला कधी न लावणाऱ्या हुस्नारा सिस्टरने
भद्रकालीतून आणलेलं लाल पाकीट.
टिकल्या रसवंतीभोवती दाटल्या,
सांडल्या रसाला मुंग्या लागाव्यात तशा.
दहा आजाऱ्यांत आठांनी रस घेतलेला.
बर्फ कुठला, ते नीट सांगता येईना त्याला.
मी सही केली. ठसठशीत.
घुंगरं सुतळीने आवळली, वर लाखेचा ठिपका.
गांगुर्डे एवढंच म्हणाला,
"माझी पोरंबी ह्योच पित्यात, बाई."
मी ते लिहून घेतलं नाही.

दुसरी चौकट बोलत होती ती.
त्या उन्हाळ्यात तो उतारच रसावर जगत होता,
पिवळे डोळेही, पांढरे डोळेही.
मी फक्त पिवळ्यांना विचारलं होतं.

सील लागल्यावरही टिकल्या वाढत राहिल्या.
आधीची लागण असेल, मी म्हणाले,
या आजाराला महिनाभर दडून बसता येतं.
मग हुस्नारा म्हणाली, एक आजी बघा जरा.
सरूबाई मोजाड, वय चौऱ्याऐंशी,
दोन वर्षं खाटेवर, मधुमेह, गोड बंद.
डोळे हळदीत बुडवून काढलेले.
"नळाचंच पितो गं, दुसरं काय मिळतंय.
सकाळी पहिलं येतं त्याला घाण वास येतो,
मग जातो."

सानप फिटरने डांबर फोडलं.
नाल्याच्या पोटातून गेलेला पाइप,
गंजून त्याची चाळण झालेली.
नळ बंद झाला की तो नाला पीत होता.

सीलपासून त्या खड्ड्यापर्यंत नऊ दिवस.
नऊ दिवसांत अकरा टिकल्या.
त्यातली एक शबाना, सातवा महिना.
बाकीच्या मी काढल्या.
तेवढी आहे, कपाटात, गुंडाळलेल्या नकाशावर,
तिचा डिंक वाळलाय, तरी पडत नाही.

वर्ग गप्प.
सटाण्याचा मुलगा चौकटी उतरवून घेतोय,
पट्टी लावून रेघा मारतोय.
रेघ सरळ आली की झालं, असं वाटण्याचं वय.

संध्याकाळी अंबड लिंक रोडला रिक्षातून उतरते.
गांगुर्डेचा चरक आता विजेवर.
घुंगरं जुनीच, तीन कमी.
महापालिकेच्या शिक्क्याचं पत्र दिलं होतं मी,
रसवंतीचा दोष नव्हता, असं.
त्याने ते आल्या-लिंबाच्या डब्याखाली अंथरलंय,
ओघळांनी माझी सही फुगून फुटलीय.

दर वेळी तो विचारतो, मान वर न करता,
"बर्फ टाकू?"
आणि शंभर सभांतून
बाहेरचा बर्फ खाऊ नका सांगत आलेली मी
म्हणते, टाका.

तो एक खडा टाकतो.
थांबतो.
दुसरा टाकत नाही.